कर्तेपणाला बंदूक लागते

बंदुकांच्या प्रदर्शनाला जाण्यात हल्ली काही राम उरलेला नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी शेजारच्या बाळकृष्णरावांना दर वेळी ऐकवत असे. बाळकृष्णराव संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. चेन्नईत शस्त्रांचं प्रदर्शन लागलं की हा माणूस घरचं कार्य असल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि येताना फुकटच्या पिशव्या आणतो. त्यांच्या घरी कोथिंबीर रणगाड्याचं चित्र असलेल्या पिशवीतून येते.

"अहो, पूर्वी बंदूक हातात घेता यायची, आता काचेतून बघायची," मी म्हणालो. "काचेतून तर टी. नगरला दागिनेही दिसतात. त्यासाठी नंदंबाक्कमपर्यंत कशाला जायचं?"

"हातात घेता येते. ओळख लागते."

"कोणाची?"

"माझी."

हे बोलणं जिन्यात चाललं होतं, आणि जिन्याखाली आमचे घरमालक सुब्बाराव, म्हणजे अप्पा, आरामखुर्चीत बसले होते. अप्पा तंजावरी मराठे. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिल्यामुळे त्यांची मराठी जुन्या बखरीतून निघून तमिळ रस्त्याने घरी आल्यासारखी वाटते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि वरच्या मुलखातून आलो, म्हणून ते मला 'वरचे' म्हणतात.

"ओ वरचे, त्या प्रदर्शनांत खरी बंदूक असत्ये की?"

"असते की अप्पा!" बाळकृष्णराव जिन्यावरूनच ओरडले.

"हात लावूं देतात?"

"माझ्याबरोबर आलात तर नक्की."

अप्पा ताडकन उठले. गुडघ्यांचा सल्ला न घेता उठण्याची त्यांची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ असावी. "विद्या! अग विद्या! बंदूक मिळाली!"

आता हे ऐकून शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या, त्यांना दोष देता येत नाही. पण भानगड साधी होती.

अप्पांच्या घराण्यात खंडेनवमीला बंदुकीची पूजा होते. कोणी पूर्वज तंजावरच्या राजवाड्यावर पहाऱ्याला होता, त्याची बार भरायची बंदूक. ती कधी कोणावर झाडल्याची नोंद नाही. एकदा कावळ्यावर झाडली, तो कावळा पुढे कित्येक वर्षं अंगणात यायचा म्हणतात. पण तिचं खरं काम निराळं होतं. घरातलं कर्तेपण पुढच्या पिढीकडे जायचं तर खंडेनवमीच्या दिवशी जुन्या कर्त्याने नव्याचा हात धरून बंदुकीवर ठेवायचा. की झालं. मग भाजीपासून सोयरिकीपर्यंत सगळे हुकूम नव्याचे. हात ठेवला नाही तोवर हुकूम जुन्याचे.

पुढे घात केला तो लोकशाहीने. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभा झाली की विधानसभा, तिच्यामागे पालिका. लोकशाही बळकट होत गेली आणि बंदूक ठाण्यात मुरत गेली. शेवटी दस्त्याला वाळवी लागली, परवाना सरला, आणि अप्पांनी ती सरकारला अर्पण केली. तेव्हापासून त्यांच्या घरचं कर्तेपण अडकून पडलं होतं.

त्यांची मुलगी विद्यालक्ष्मी बँकेत मोठी अधिकारी आहे. ती सही करते तेव्हा कारखाने उभे राहतात. पण घरातला गळका नळ बदलायचा तर "अप्पा, बदलूं का?" आणि अप्पांना नळांविषयी मतं आहेत. तिने पेरुंगुडीला ऑफिसजवळ फ्लॅट घेतला. तिथे लिफ्ट आहे, हवा आहे, अप्पांसाठी खोलीसुद्धा आहे. अप्पा इथे खालच्या साड्यांच्या दुकानाच्या भोंग्यावर रात्रंदिवस "वाङ्ग, वाङ्ग", म्हणजे या, या, ऐकत बसलेले. पण फ्लॅटला जायचं की नाही हे कर्ता ठरवणार, आणि कर्त्याचं म्हणणं असं की एवढा मोठा निर्णय पुढच्या कर्त्याने घ्यावा. विद्या मनात आणती तर एका दिवसात सामान हलवती. पण ती बँकेतली. अधिकारपत्राशिवाय ती पेनाचं टोपण काढत नाही.

एका दिवाळीला तिने टिकल्यांचं पिस्तूल आणून पाहिलं होतं. अप्पा म्हणाले, "टिकलीच्या पिस्तुलावर टिकलीएवढेंच कर्तेपण जाईल."

आणि यंदा प्रदर्शनाचा शेवटचा, सर्वांना खुला असलेला दिवस नेमका खंडेनवमीचा! आयोजक दिल्लीचे. त्या दिवशी इथे आयुधपूजेची सुट्टी असते एवढं त्यांना कळलं होतं. सुट्टी कशासाठी असते, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

सकाळी टॅक्सीत बसताना विद्याचा चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा होता. अप्पांनी जरीचं अंगवस्त्र घेतलं होतं आणि पोटाशी एक पिवळी कापडी पिशवी घट्ट धरली होती.

"अप्पा, द्या मी धरतें."

"नको. पूजेचें आहे."

"इतकं फुगलंय? पूजा बंदुकीची की हत्तीची?" बाळकृष्णराव म्हणाले.

"तुम्ही बंदूक दाखवा. पिशवीचें मी पाहतों."

दारावरच्या तपासणीत ती पिशवी यंत्रातून गेली. पडद्यावर बघणारा पोलीस एकदम पुढे वाकला. मला वाटलं, संपलं, नारळाचा बॉम्ब ठरला. पण त्याने अप्पांकडे पाहिलं, मग विद्याकडे पाहिलं, आणि गालात हसला. "पोंगा ताता," म्हणाला. जा आजोबा. का हसला ते मला त्या वेळी कळलं नाही.

आत शिरलो तर थंडगार हवा, निळे दिवे आणि चकचकीत गालिचे. बाळकृष्णराव छाती काढून पुढे. पहिल्या दालनात भल्यामोठ्या पडद्यावर बंदूक गरगर फिरत होती.

"ही चित्र," अप्पा म्हणाले. "खरी कुठें?"

"पुढे, पुढे."

पुढच्या दालनातल्या मुलीने अप्पांच्या डोळ्यांवर एक काळा डबा बांधला आणि हातात प्लास्टिकचा दांडा दिला. अप्पा काही वेळ हवेत लढले. डबा काढल्यावर म्हणाले, "बरें आहे. पण ह्यावर कुंकूं कुठें लावूं? माझ्याच कपाळावर?"

त्यापुढे एक रायफल उघडी, मांडणीवर! विद्याने माझा दंड इतका आवळला की खूण दिवाळीपर्यंत राहिली. अप्पांनी नखाने दस्ता खरवडला.

"प्लास्टिक."

"नमुना आहे सर," विक्रेता नम्रपणे म्हणाला. "खऱ्याला परवानग्या फार. तुम्ही हा कोड स्कॅन करा, सगळी माहिती फोनवर येईल."

"फोनची पूजा घरी झाली," विद्या म्हणाली.

बाळकृष्णरावांची ओळखीची माणसं शोधायला सुरुवात झाली. हे निवृत्त झाले, ते सल्लागार झाले, ते तिसरे वारले. त्यांच्या इस्त्रीला सुरकुत्या पडत चालल्या. काचेतल्या बंदुका होत्या, पण काच होती. ड्रोन होते, ते माश्यांसारखे डोक्यावरून घोंघावत होते. शेवटी बाळकृष्णराव एका खांबाला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बोला. बोलून टाका एकदाचं."

"काय?"

"हेच, की प्रदर्शनात राम नाही."

खरं सांगतो, बोलणार होतो. पण विद्याकडे पाहिलं. ती अप्पांचं अंगवस्त्र नीट करत होती, आणि नीट असलेलं पुन्हा नीट करत होती.

इतक्यात मागच्या दारातून चंदनाचा वास आला.

अप्पांनी नाक वर केलं. "विद्या, चल!" आणि गुडघे विसरून निघाले.

मागच्या पटांगणात होती तोफ! सभागृहाच्या दारातून मावत नव्हती म्हणून बाहेर ठेवलेली, खरी, लोखंडी, हत्तीच्या पाठीएवढी. चाकं माणसाच्या छातीपर्यंत. मागच्या बाजूने ती ट्रकला जोडलेली, नळी आमच्याकडे रोखलेली, आणि भोवती लाल दोर. दोराच्या आत निळ्या शर्टातला एक माणूस ट्रकच्या काचेवर चंदनाचे ठिपके देत होता. ड्रायव्हर दृष्ट काढायला कुंकू भरलेला भोपळा घेऊन उभा. दिल्लीच्या आयोजकांची आयुधपूजा अशी त्यांच्या पाठीमागे चालली होती.

अप्पांनी सरळ दोर उचलला.

"तोडक्कूडाद, ताता!" निळा शर्ट ओरडला. हात लावायचा नाही. "विमा आहे. पाहुण्यांनी दोराबाहेर."

अप्पा मुलीकडे वळून म्हणाले, "विद्या, इतकें समोर येऊन परतायाचें म्हणजे..." आणि दोर तसाच हातात धरून ठेवला.

निळ्या शर्टाच्या हातातली वाटी थांबली. "अप्पा, तुम्ही आमच्यांतले की?"

तो मुरली, तांबरमचा. तोही तंजावरी मराठा! मग जी मराठी सुरू झाली ती मला निम्मी कळली. एवढं उमगलं की त्याच्या घरी हात सुरीवर ठेवतात, आणि बंदुकीवरचं घराणं म्हणजे मोठं घराणं.

"पण नियम आहे अक्का," तो विद्याला म्हणाला. "साहेब परदेशी. पाहुणा दोराच्या आंत आला की माझी नोकरी गेली. अप्पांचें चालेल. आम्हांला पूजेला वडील माणूस पाहिजेच होतें. पूजा करणारा पाहुणा नव्हे."

"आणि मी?"

"तुम्ही पाहुण्या."

"बरोबर," विद्या म्हणाली. बँकेतली ना! नियम ऐकला की तिचा चेहरा आपोआप मान्य करतो. "मी आत येणार नाही."

"अग पण हात तुझा पाहिजे!" बाळकृष्णराव कळवळले. "मुरली, अरे मी कारखान्यात..."

"सर, तुम्हीही पाहुणे."

अप्पा आत गेले. काय करणार? त्यांनी नळीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ फुटला. मग पिशवीतून त्यांनी लिंबं काढली. एक एक करून ट्रकच्या आणि तोफेच्या चाकांखाली ठेवली. आणि तिथेच वाकलेले असताना थांबले. चाकाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग दोराकडे.

"मुरली, लिंबूं चिरडायाचें की नाहीं?"

"चिरडायला पाहिजेच अप्पा. त्याशिवाय ड्रायव्हर आज गाडी काढणार नाहीं."

"मग ट्रक मागें घे."

मुरलीने पाहिलं. आणि त्याला कळलं! तो ड्रायव्हरकडे पळाला, ड्रायव्हर ट्रककडे पळाला. एंजिन घुरघुरलं. ट्रक मागे सरकला, तोफ मागे सरकली, चाकांखाली लिंबं फटाफट फुटली, आणि ती लांबलचक नळी झेंडूचा हार हलवत, लग्नातल्या मुलीसारखी सावकाश, दोरावरून बाहेर आली. आली, आली, आणि विद्याच्या डोक्याजवळ थांबली.

"अक्का, तुम्ही आंत आल्या नाहीं," मुरली धापा टाकत म्हणाला. "तोफ बाहेर आली. ह्याला नियम नाहीं."

अप्पांनी आतून हात लांब केला. विद्या चवड्यांवर उभी राहिली. त्यांनी तिचा हात धरला आणि थंड लोखंडावर ठेवला, कुंकवावरच.

"आजपासून घर तुझें," अप्पा म्हणाले. "अस्कें तुझें. सगळें, नळसुद्धां."

विद्या हसत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे कुंकू गालभर झालं. त्याच क्षणी ट्रकमधून उतरलेल्या ड्रायव्हरने भोपळा आपटला. एवढा आवाज झाला की पहारेकरी चारी बाजूंनी धावत आले. त्या संपूर्ण प्रदर्शनात झालेला तो एकमेव स्फोट.

मागोमाग परदेशी साहेब आले. लाल फुटलेला भोपळा, लाल नळी आणि लाल गालाची बाई पाहून ते प्रथम पांढरे पडले. मुरलीने समजावलं. साहेबांनी विचारलं, कुंकवाने गंज चढतो का? मुरली म्हणाला, उलट उतरतो. साहेबांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, आत पडद्यावर जी बंदूक फिरते, तिचंही करता येईल का? तोवर ड्रोनवाली मुलगी आपला ड्रोन पदराखाली घेऊन रांगेत उभी होती. तिच्यामागे प्लास्टिकची रायफल घेऊन तो नम्र विक्रेता. बाळकृष्णराव रांग लावत होते. "घाई नको, घाई नको! अप्पा सगळ्यांचं करणार!" शर्टाची इस्त्री पूर्ण परतली होती.

पण अप्पा कुठे होते? अप्पा त्या काळ्या डब्याच्या दालनात पोचले होते. "आतां मी कर्ता नाहीं," त्यांनी मला सांगितलं आणि डबा डोळ्यांवर ओढला. "आतां मी मोकळा." पुढे बराच वेळ ते हवेत लढत राहिले. रांगेतल्या कॉलेजच्या मुलांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी उजवीकडे बोट दाखवून "तिला विचारा" एवढंच म्हटलं. कर्तीने त्यांना हात धरून बाहेर काढलं.

टॅक्सीत सगळे दमलेले. ड्रायव्हर वळून म्हणाला, "एङ्गे पोगणुम?" कुठे जायचं?

विद्याने सवयीने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर एका होर्डिंगचा कसून अभ्यास करत होते.

"अप्पा?"

"मला काय विचारतेस? मी प्रवासी."

तिने गाल पुसला, कुंकू आणखी पसरलं. मग म्हणाली, "पेरुंगुडी." लगेच घाबरून, "म्हणजे नुसतं बघायला. अप्पांचे कपडे, औषधं, काहीच नाही घेतलं. देवसुद्धा घरीच."

अप्पांनी पोटाशी धरलेली पिवळी पिशवी उघडली. लिंबं आणि नारळ गेल्यावरही ती फुगलेलीच होती. आत दोन धुवट वेष्ट्या, म्हणजे धोतरं, औषधांचा डबा, टूथब्रश, आणि तलम फडक्यात गुंडाळलेले सगळे देव.

"एसी बेताचा ठेव," अप्पा म्हणाले, आणि मग आठवण होऊन, "म्हणजे, तुझी मर्जी."

"पुढच्या वर्षी येणार का?" पुढच्या सीटवरून बाळकृष्णरावांनी मला विचारलं.

मी म्हणालो, जाण्यात राम आहे असं अजूनही वाटत नाही. पण माझा शर्ट मात्र तुमच्या इस्त्रीवाल्याकडे द्या.