माद्रिदचा शब्द

कॉम्प्युटरला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं, यावरून त्या वर्षी माझा जीव नुसता जळत होता. मेक्सिकोतल्या एका बँकेसाठी आमच्या बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या ऑफिसात सॉफ्टवेअर तयार होत होतं. त्याच्या स्क्रीनवरचे इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये आणायचं काम दोघींकडे होतं, माझ्याकडे आणि सौम्याकडे. पुढे सहा महिने मेक्सिकोला मात्र एकीनेच जायचं होतं, आणि ती मीच असणार हे मी धरून चालले होते.

का नाही धरायचं? पुण्यात मी खास माद्रिदहून आलेल्या बाईंकडे स्पॅनिश शिकले. सौम्या इथल्याच चामराजपेटची. घराणं म्हणे शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. मराठीत निम्मं कन्नड. स्पॅनिश शिकली तीही क्लासपेक्षा मेक्सिकोच्या पत्रमैत्रिणीकडून जास्त. आणि आमचे साहेब अजित शब्दाशब्दाला तिलाच विचारायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कॉम्प्युटरसाठी मी 'ओर्देनादोर' लिहिलं. तिने पेन्सिलीने शेजारी 'कोम्पुतादोरा' लिहिलं. तिकडे सगळे असंच म्हणतात, म्हणाली. मी सुनावलं, तिकडचे काहीही म्हणोत, शुद्ध शब्द माद्रिदचाच. तिने वाद घातला नाही. उलट डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, माझ्यापुढे सरकवलं.

"तुमचं सगळं शुद्धच की, अक्का," ती म्हणाली. "मराठी तर टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. आमच्या घरी असं कोण बोलतंय?"

हे ऐकून मी इतकी सुखावले, की चित्रान्न दोनदा घेतलं.

मग बँकेचे गृहस्थ मेक्सिकोहून आले. कोणता शब्द ठेवायचा आणि मेक्सिकोला कोणी जायचं, हे दोन्ही निकाल अजितनी त्यांच्यावर सोपवले. मी पुढे होऊन बोलले, न अडखळता, एकही चूक न करता. सौम्याने फक्त कॉफी हवी का विचारलं, तेही चुकतमाकत. तरी गृहस्थ तिच्याकडे बघून खळखळून हसले.

मग ते अदबीने माझ्याकडे वळले.

"तुमचं स्पॅनिश फार शुद्ध आहे," ते म्हणाले. "माद्रिदच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकतोय असं वाटलं. आमच्या घरी असं कोणी बोलत नाही."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची सौम्याकडे वळवली, आणि ती मेक्सिकोला कधी निघू शकेल ते विचारलं.