नंबर, हुद्दा, नाव

हुशार माणसालाही कुठे ना कुठे ठेच लागतेच. हर्षदाला ती पांडेसऱ्यात उषाबाईंच्या ओट्यावर लागली, भर दुपारी अडीच वाजता.

हर्षदा साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या कामगाराची पोर. घरी अहिराणी, बाहेर मात्र बोलणं पुस्तकी, कारण ती विद्यापीठात संशोधन करत होती. विषय तरी काय, तर फौजी माणसांची झोप, त्यांची भीती आणि त्यांची दारू! पांडेसऱ्यातल्या खानदेशी घरांतून बरीच पोरं फौजेत गेलेली. सुट्टीवर आली की ती हिचा प्रश्नांचा कागद भरायची, पाकिटात घालून चिकटवायची आणि खोक्यात टाकायची. नाव लिहायचं नाही, आणि पाकीट ओळखीतल्या हर्षदाने उघडायचं नाही, असा तिचा शब्द. तो द्यावाच लागला. डोकं ठिकाणावर नाही असा एकदा शेरा बसला, की बढतीवर पाणी सोडायचं. त्यात हा दारूबंदीचा गुजराती मुलूख. इथे ‘पितो’ म्हणून लिहून द्यायला कोण धजावेल?

एकेचाळीस पाकिटांचं खोकं सकाळीच विद्यापीठात मार्गदर्शक सरांच्या टेबलावर ठेवून ती उषाबाईंचे आभार मानायला आली होती. घरोघर हिंडून पोरं गोळा केली ती उषाबाईंनीच. त्यांचा मुलगा योगेंद्र फौजेत नाईक हुद्द्यावर होता, काश्मीरहून महिन्याच्या रजेवर आलेला. उद्या सकाळच्या गाडीने तो परत निघणार होता.

“व माय, मन्हा योगेंद्रनं अक्षर देखं का तू?” चहा गाळता गाळता उषाबाई कौतुकाने म्हणाल्या. “वरच नंबर, हुद्दा, नाव! मोतीसारखं लिखं त्यानी.”

हर्षदा ओट्यावरून उठलीच. “मावशी, नाव लिहायचं नव्हतं हो!”

“फौजी शे तो. कागद हातमा उना का पहिले नंबरच लिखस.”

अरे देवा! एवढी पुस्तकं वाचली आणि ही साधी गोष्ट सुचली नाही? चार वाजता या कामात मदत करणारे एक निवृत्त कर्नलसाहेब सरांबरोबर ती पाकिटं उघडायला बसणार होते. त्यांच्या ओळखी थेट पलटणींपर्यंत. चहा तसाच टाकून हर्षदा विद्यापीठ गाठायला रस्त्यावर धावली.

उधन्याकडच्या रस्त्यावर कापडाच्या ताक्यांचे टेम्पो एकाला एक चिकटून उभे. “भाई, जल्दी!” ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा रिक्षावाला वैतागला. “बेन, ट्राफिक छे. उडीने जाऊं?” घड्याळात साडेतीन झाले होते. योगेंद्रभाऊंची नोकरी गेली तर ती आपल्यामुळे!

ती पोचली तेव्हा कर्नलसाहेबांच्या हातात पाकीट उघडायची सुरी होती.

“साहेब, थांबा! कागदांवर क्रमांक घालायचे राहिलेत,” तिने चक्क थाप मारली, खोकं उचललं आणि शेजारच्या खोलीची कडी लावली.

पहिलं पाकीट फाडलं. वर नंबर, हुद्दा, नाव. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. सगळे शिस्तीचे पुतळे! खालचं काही न वाचता ती नावाची पट्टी कातरत सुटली.

एकोणिसावा कागद योगेंद्रचा निघाला. नजर नको तिथे गेलीच. शेवटचा प्रश्न होता, जगणं नकोसं वाटतं का? त्याखाली मोत्यासारख्या अक्षरात उत्तर होतं: ‘हो. रजा संपली की गाडीत बसेन. पलटणीत पोचणार नाही.’

कात्री तिच्या हातातच राहिली. ही पट्टी कापली की त्याची नोकरी वाचणार होती. पण नावच नसतं, तर हा माणूस तिला सापडला असता कुठे? तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने उरलेल्या पट्ट्या कापल्या, पण योगेंद्रचा कागद आणि पट्टी मात्र पर्समध्ये टाकली.

“चाळीस आहेत, साहेब,” खोकं ठेवत ती म्हणाली. “पाकिटं मीच उघडली. मी दिलेला शब्द मोडला.” सर काही विचारतील त्याआधीच ती जिना उतरली.

पांडेसऱ्यात योगेंद्र ट्रंकेत कपडे भरत होता. उषाबाई बाहेर भाजी निवडत होत्या.

“भाऊ, तुमचा कागद मी वाचला,” हर्षदा हळूच म्हणाली. “वाचायचा नव्हता. काय रागवायचं ते रागवा.” तिने ती पट्टी ट्रंकेवर ठेवली. “बरं झालं, सवयीने नाव लिहून गेलात.”

योगेंद्रने ती पट्टी उचलली.

“सवयीनं नाही, हर्षदा,” तो म्हणाला. “तीन दिवस वाट बघतोय, कुणी येतंय का म्हणून.”

तो वर्दी ट्रंकेत ठेवू लागला. हर्षदाने ती काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

“आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येता?”

त्याने होकारार्थी मान डोलावली.

“मावशी,” तिने दारातून हाक मारली, “भाऊ उद्या जात नाहीत.”