भावजींचा लोड

वैशाखरे गावाच्या गुरचरणावर जीप थांबली, तिच्यामागचा डबा दोन हिसके खाऊन निमूट उभा राहिला आणि शकूने हात जोडले. देवाला की नवऱ्याला, ते तिचं तिलाच ठाऊक. बांधापलीकडे तिच्या धाकट्या भावाचं, अनंताचं घर. अंगणात मांडव पडलेला, खांबांना आंब्याचे टहाळे, आणि उद्या लग्न असलेल्या पोरीच्या घरात असते तेवढी सगळी धावपळ. माहेर हाकेच्या अंतरावर आलं होतं. पण शकूला हाकेचं अंतर नको होतं. भाची हळदीला बसेल तेव्हा नवरा आणि भाऊ एका मांडवात दिसावेत, एवढंच तिला हवं होतं, आणि नेमकं तेच होणार नव्हतं.

डबा म्हणजे चाकांवरची खोली. जयराम आसनगावच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने कल्याणच्या एका हौशी माणसाकडून हा डबा जुनाच घेतला, हिवाळाभर दारात ठोकठोक करून नवा केला. आत पलंग, बारका फ्रिज, पंखा, चहापुरता ओटा. घाट बघू, समुद्र बघू, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. शकू काही दुधखुळी नव्हती. पहिली फेरी कुठे जाणार ते तिने डब्याला रंग लागायच्या आधीच ओळखलं होतं. मेहुण्याच्या घरात पाय न ठेवता मेहुण्याच्या गावात राहायचं, तर घर सोबत न्यावं लागतं.

या सगळ्याचं मूळ होतं एक लोड. अनंताच्या मुलाच्या, रवींद्रच्या लग्नात जयराम बैठकीवर लोडाला टेकून ऐसपैस बसला होता. घरचा थोरला जावई, बसणारच. तेवढ्यात तालुक्याचे कुणी पुढारी आले. अनंताची धांदल उडाली, लोड कमी पडला, आणि त्या गडबडीत त्याने जयरामाच्या पाठीमागचाच लोड ओढून पुढाऱ्याला दिला. जयराम मान वळवून कुणाशी तरी बोलत होता. तो सरळ उताणा पडला. टोपी एकीकडे, पाय वर. सगळा मांडव हसला. त्याचंही एवढं काही नव्हतं, पण अनंताही हसला. जयराम उठला, टोपी झटकली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अनंता, आजपासून तुझ्या घरचं पानी नाय आन् तुझ्या घरच्या दिव्याचा उजेड नाय."

रागाच्या भरात माणसं काय वाटेल ते बोलतात आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातात. जयराम पडला शब्दाला जागणारा. असल्या माणसांचं गावाला भारी कौतुक असतं. त्यांच्या बायकांना मात्र कुणी विचारत नाही. शकू तेव्हापासून माहेरी एकटीच एसटीने यायची आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायची. ज्या भावाला तिने कडेवर वाढवलं त्याच्या घरी रात्रीची राहिली असती तर नवरा काही बोलला नसता. पण गप्प बसला असता, आणि जयरामाचं गप्प बसणं घरभर ऐकू यायचं.

मग भाचीचा, प्रियांकाचा फोन आला. "काका, तुमी हळदीला नाय आलात तर मी पाटावर बसनारच नाय." पोर जयरामाची लाडकी. गावात येतो, एवढंच तो म्हणाला, आणि लगेच अटींच्या तयारीला लागला. पाण्याचे कॅन आसनगावाहून भरून घेतले. गुरचरण सरकारी, तेव्हा जमिनीचा प्रश्न मिटला. राहिला उजेड. त्यासाठी त्याने जनरेटर आणला, कडी धरून उचलता येईल असा, बारक्या बॅगेएवढा.

तो त्याने डब्यापासून लांब मोहाच्या झाडाखाली ठेवला आणि तिथून लांबच लांब वायर डब्यापर्यंत आणली. "धूर आत शिरला तर झोपेतच आटोपायचं," हे त्याने शकूला वाटेतही सांगितलं होतं, आता परत सांगितलं. मग दोरी ओढली. मशीन खोकलं, परत खोकलं आणि चालू झालं. डब्यातला दिवा लागला तसा जयराम कमरेवर हात ठेवून बांधापलीकडे बघत म्हणाला, "ह्यो आपला सोताचा उजेड."

"भर दुपारी?" शकूने विचारलं.

जयराम वायरचं टोक तपासायला लागला.

दुपारभर पंखा फिरला, फ्रिज गारेगार झाला. ऊन कलल्यावर शकूने हळदीची पिवळी साडी काढली. घडीत दाबून ती पार चुरगळली होती, म्हणून तिने इस्त्री लावली. त्याच वेळी जयरामाला चहाची तल्लफ आली. पलीकडे मांडवात चहाचं पातेलं उकळत होतं आणि त्याचा वास इथवर येत होता, पण तो चहा वर्ज्य. त्याने आपली विजेची किटली लावली. क्षणात पंखा थांबला, दिवा गेला. बाहेर मशीन मात्र घरघरतच होतं आणि त्याच्यावर एक लाल दिवा पेटला होता.

"काय काय लावलंयस?" जयराम ओरडला.

"पंखा. फ्रिज," शकू म्हणाली. इस्त्री तिच्या हातातच होती. माणूस हातातली वस्तूच विसरतो.

जयरामाने बटण दाबलं, वीज आली, परत गेली. लाल दिवा परत पेटला. तो मशीनसमोर उकिडवा बसला, पाठ डब्याकडे, आणि त्याच्याशी भांडायला लागला. त्याच वेळी बाईजा, अनंताची बायको, हळदीची वाटी घेऊन नणंदेला बोलवायला बांध उतरून आली. मशीनच्या घरघरीत तिला भावजींचं बोलणं तुटक तुटक ऐकू आलं.

"लोडानंच मारलं... सगळा लोडाचा घोळ... लोडाचं तेवढं नीट झालं असतं तं ही पाळीच आली नसती..."

बाईजा जागच्या जागी थबकली. मग पाय न वाजवता डब्याच्या दाराशी गेली. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "भावजी अजून लोडाचंच धरून बसलेत?"

शकूला आधी काही उमगलं नाही. तिने मोहाच्या झाडाकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं आणि बाईजाच्या कावऱ्याबावऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. अगो, ते मशीनवर पडलेल्या विजेच्या लोडाचं बोलतायत, असं सांगायला किती वेळ लागतो? शब्द अगदी ओठावर आले होते. तिने ते गिळले.

"हो गो," ती म्हणाली. "लोडाचंच."

खोटं ती बोलली नव्हती. बाईजा आल्या पावली गेली. शकू इस्त्री हातात धरून दारातच उभी राहिली. अनंता चिडला तर? हळदीच्या दिवशी नवा तमाशा झाला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं? आपण होऊन विस्तवात हात घातला, असं तिला वाटलं. धावत जाऊन बाईजाला गाठावं म्हणून तिने एक पाय पायरीवर टाकलासुद्धा.

तेवढ्यात अनंता बांधावर दिसला. नवा सदरा, गालाला हळद, आणि काखेत पांढऱ्या खोळीचा भला मोठा लोड. बांध उतरताना त्याचा पाय सटकला, पण त्याने लोड मातीला लागू दिला नाही. तो तडक मोहाच्या झाडाखाली गेला आणि जयरामासमोर उभा राहिला.

"भावजी, घ्या."

जयराम उकिडवाच होता. त्याने वर पाहिलं. "ह्ये काय?"

"लोड. त्या दिशी मी काढला, मीच आनून द्याया पायजे व्हता. तवाच." अनंताने लोड पुढे केला. "तुमी पडलात आन् मी हसलो. त्ये लई चुकलं माझं. लाज वाटायची, म्हनून आलो नाय. आज बाईजा बोलली, तुमी मशीनपाशी बसून एकटेच लोडाचं बोलताय. मला ऱ्हावलं नाय."

जयरामाने लोडाकडे पाहिलं. मग मशीनवरच्या लाल दिव्याकडे. "आरं, मी तं ह्या..." एवढं बोलून त्याने मान वळवली. डब्याच्या पायरीवर शकू उभी होती. तिच्या एका हातात इस्त्री होती, इस्त्रीची वायर मागे आत गेलेली, आणि डोळे भरून आलेले. फिटर माणूस तो. वायर कुठून कुठे गेली ते त्याला सांगावं लागत नव्हतं. तो बायकोकडे बघत राहिला. शकूने नजर खाली घातली नाही.

"काय म्हनत व्हता?" अनंताने विचारलं.

जयरामाने घसा खाकरला. "म्हनलं, एकलाच लोड? गादी कुठं हाय?"

"मांडवात. सगळी बैठक तिकडंच हाय."

"आन् मांडवाला लाइट कुनाची?"

"मंडपवाल्याची. त्याचा जनरेटर हाय."

"मंग ठीक हाय," जयराम म्हणाला. "तुझ्या घरची नाय." आणि हात लांब करून त्याने आपलं मशीन बंद केलं.

दुपारपासूनची घरघर थांबली तशी पलीकडची गाणी एकदम जवळ आल्यासारखी वाटली. लग्नाची गाणी गाणारी धवलारीण धवले म्हणत होती. शकू लहान असताना तिच्या आईच्या तोंडी असायचे तेच ते शब्द. तिने चुरगळलेलीच साडी नेसली. इस्त्रीवाचून काही अडलं नाही.

मांडवात प्रियांका पाटाशेजारी हटून उभीच होती. काका दिसताच तिने हळदीचे हात वर केले, पाटावर बसली आणि ओरडली, "आलात! आता लोड घेऊ नका काका, निवांत बसा!" तिच्या मैत्रिणी हसल्या. अनंता आणि बाईजा एकमेकांकडे बघायला लागले. जयरामही हसला, आणि त्याला हसताना या मांडवात पाहून शकूला रडू आवरेना. ती खांबाआड गेली, पोटभर रडली, तोंड पुसून परत आली. कुणीतरी जयरामाच्या हातात सरबताचा पेला दिला. त्याने पेल्याकडे पाहिलं, सरबताला पाणी थोडंच म्हणतात असा चेहरा केला आणि घटाघट पिऊन टाकलं.

भाचीला हळद लावून शकू त्याच्या गालाला बोट लावायला वाकली. तो हळूच म्हणाला, "इस्तरी लावली व्हतीस."

"मला मशीनमधलं काय कळतंय?" शकू म्हणाली आणि त्याच्या नाकालाही हळद लावली.

बैठकीवर पाहुणे वाढत होते. अनंता कडेला उभा राहून सगळ्यांना जागा करून देत होता, त्याला स्वतःला मात्र टेकायला काही उरलं नव्हतं. जयरामाने त्याचा हात धरून त्याला खाली ओढला, स्वतः थोडा सरकला आणि लोड मधे घेतला. दोघांना तो बरोबर पुरला.