सव्वीस पावलं

अनघाने तो लांबलेला सूर विरू दिला, चारही काठ्या खाली आणल्या, आणि माधवीताईंनी टाळी वाजवली. एकच, कोरडी.

"झालं? संपलं तुझं?"

अनघाचा चेहरा पडला. संपलं नव्हतंच. अजून पाऊण पान बाकी होतं, आणि सगळ्यात सुंदर तेच होतं.

ती वाजवत होती ते वाद्य, मरिंबा, लोणावळ्यातल्या एका निवासी शाळेच्या सभागृहात होतं. कुणा जुन्या विद्यार्थ्याने भेट दिलेलं. काळसर लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांखाली नळ्या, आणि लांबी पलंगाएवढी. शाळेचा शिपाई कैलास त्यावर बिनदिक्कत जेवणाचा डबा ठेवायचा. अनघा संगीतशिक्षिका म्हणून रुजू झाली त्या दिवशीच तिने ते बंद पाडलं. मग एकेका हातात दोन-दोन काठ्या धरून तिने तो मरिंबा असा काही ताब्यात घेतला, की दर शनिवारी पुण्याहून येणाऱ्या माधवीताईंना आता शिकवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. उरली होती ती एवढी एक जागा.

त्या जागी काहीच वाजवायचं नव्हतं. कागदावर नुसतं डोळ्यासारखं एक चिन्ह होतं, म्हणजे वादकाला वाटेल तितका वेळ थांबायचं. मग शेवटचं पाऊण पान. गेल्या वर्षी निवडीच्या कार्यक्रमात अनघा तिथे थांबली, लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या, आणि ती इतकी गडबडली की नमस्कार करून सरळ आत निघून गेली. परदेशात दोन वर्षं शिकायची एकच जागा होती, ती दुसऱ्या कुणाला मिळाली. यंदाची निवड पुढच्या रविवारी, याच सभागृहात होती. वयाची अट तिशीपर्यंतची, त्यामुळे अनघासाठी ही शेवटची. एखादी सोपी रचना घे, असं माधवीताईंनी सुचवून पाहिलं. हीच वाजवणार, अनघा म्हणाली, आणि या वेळी पूर्ण वाजवणार.

घरी, इंदुरी गावात, मरिंबा कुठून असणार? एका लांब फळीवर तिने खडूने पट्ट्या आखल्या होत्या आणि शाळेतून आल्यावर रोज संध्याकाळी त्यावर ठोकाठोक चालायची. घरी सुतार लागलाय का, असं शेजारच्या भामाबाईंनी दोनदा विचारून झालं होतं.

अनघाचे वडील सीताराम ओट्यावर बसून बघत राहायचे. उभी हयात त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवला होता. गुडघे गेले तेव्हा तो खुंटीला टांगला. लेकीच्या या वाद्याबद्दल ते चांगलं-वाईट काही बोलत नसत. आपलं वाजवणं त्यांना मिळमिळीत वाटत असणार, अशी अनघाने स्वतःची समजूत करून घेतली होती, आणि ती तिला टोचायची.

बुधवारी मात्र ते उठून फळीपाशी आले. रोज याच जागेवर तू का अडखळतेस, असं त्यांनी विचारलं. अनघाने सगळं सांगितलं. मनात आकडे मोजते, पण चार-पाचच्या पुढे जीव घाबरा होतो आणि हात ऐकत नाहीत.

"हात खाली सोडतीस तू," सीताराम म्हणाले. "काठ्या खाली आल्या की बाजा संपला. मानसं टाळ्या वाजवणारच, त्यांची काय चूक?"

मग त्यांनी बँडची रीत सांगितली. वरातीच्या वाटेवर दुखवट्याचं घर लागलं की बँडचा म्होरक्या भिकाजी हात वर करायचा आणि बाजा बंद व्हायचा. ते घर मागे पडेपर्यंत सगळे मुक्याने चालायचे, पण काठ्या वर, छातीशी. आणि मोजायची ती पावलं. आकडे पळतात, पाऊल पळत नाही.

"सगळ्यात जास्त किती पावलं थांबलात, आबा?"

सीताराम फळीवरचा खडू अंगठ्याने पुसत राहिले.

"सव्वीस."

"कुणाचं घर होतं?"

"तुजी आई जाऊन चारच दिस झालतं. गावातल्याच पोराची वरात. शबुद दिलेला, मोडला न्हाई. मी आपला मान खाली घालून वाजवत चाललो व्हतो. भिकाजीनं हात वर केला. तवा ध्यानात आलं, आपलंच दार आलंया."

अनघा तेव्हा सहा वर्षांची होती. आत मावशीच्या मांडीवर बसली होती. बाजा जवळ जवळ येत दाराशी एकदम गप्प झाला, एवढं तिला लख्ख आठवत होतं. आई गेली तसे आता आबाही गेले, असं तिला वाटलं होतं. पुढे नळाच्या कोपऱ्यावर बाजा पुन्हा वाजला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

ती उठली, दारातून निघून नळाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"एकोणतीस भरली, आबा."

"तुजी पावलं बारकी," सीताराम म्हणाले. एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले.

त्यानंतरचे तीनही दिवस अनघा फळीपुढे काठ्या वर धरून उभी राहत होती. हात भरून यायचे. शनिवारी माधवीताईंनी ते थांबणं ऐकलं आणि एवढा वेळ कुणी थांबत नाही म्हणून बजावलं. मी थांबणार, अनघा म्हणाली.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, तिसऱ्या रांगेत कडेला इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले सीताराम. अनघाने वाजवायला घेतलं आणि हात तिच्या मनासारखे चालले. ती जागा आली. सूर विरला. तिने चारही काठ्या छातीशी वर धरल्या.

कुणीतरी टाळीसाठी हात उचलले, काठ्यांकडे पाहिलं आणि ते पुन्हा मांडीवर ठेवले. एक खुर्ची करकरली. माधवीताईंनी डोळे मिटून घेतले. अनघा दारातून निघाली होती. उंबरा, भामाबाईंचा ओटा, मग चिंच. भीती होतीच. ती तिच्याबरोबर चालत होती.

तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सीतारामांची मान खाली होती आणि उजवी चप्पल सावकाश उचलली जात होती, जमिनीवर टेकत होती. तेव्हा तिने आपली पावलं सोडली आणि त्यांची धरली.

सव्विसाव्या पावलाला चप्पल थांबली. अनघाने काठ्या खाली आणल्या, आणि बाजा पुन्हा सुरू झाला.