आई ‘जाते’ म्हणाली

आमच्या आईने जन्मभर कुणाला निघताना ‘जाते’ म्हणू दिलं नाही. ‘येते म्हणावं गं, जीभ झडते का?’ हे ऐकतच मी मोठी झाले. आणि तीच बाई वसाहतीच्या एका बैठकीत भांडी घासायच्या पाळीवरून भडकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘जाते मी! घ्या तुमचं घर!’

आमच्या वसाहतीत घरं आपापली, स्वयंपाकघर सगळ्यांचं, आणि घर बाहेर कुणालाही विकायचं नाही असा नियम. मालकाने बैठकीत ‘जातो’ म्हटलं की घर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला. शब्द मागे घ्यायचा तर पुढच्याच बैठकीत, तोही मालकाने स्वतःच्या तोंडाने. घर आईच्या नावावर, आणि आईला हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. या घरात निदान न्हाणीघर तरी तिला न विचारता सापडतं. दुसरीकडे नेली तर संपलंच.

दुसऱ्याच दिवशी यादीतली पहिली, एक शिक्षिका, मोजपट्टी घेऊन दारात हजर. ‘कपाट बसतंय का, तेवढंच बघते हं.’ बिचारी कित्येक वर्षं थांबलेली, तिचं काय चुकलं? तरी मला तिचा गळा धरावासा वाटला.

मग मी आईला पोपटासारखं पढवायला घेतलं. ‘काय म्हणायचं आई?’ ‘राहते.’ भाजी चिरताना राहते, केस विंचरताना राहते. मध्येच विचारायची, ‘पण कुठे गं?’ मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

पुढच्या बैठकीत चिटणीस म्हणाले, ‘बोला काकू, जाता की राहता?’

शिक्षिका पुढे झुकून बसलेली. आईने चष्मा सावरला आणि एकदम खेकसली, ‘जाता काय म्हणतोस मेल्या? असं अभद्र बोलतात? राहते मी!’

सगळे खो खो हसले. शिक्षिकेने मान खाली घातली. घर वाचलं.

मी हसत, डोळे पुसत आईला घरी आणलं. दार उघडलं, दिवा लावला. आई उंबऱ्यातच उभी राहिली. खुर्ची, पलंग, खिडकी, सगळीकडे तिने नजर फिरवली आणि माझ्याकडे बघून पाहुणीसारखं हसली.

‘छान आहे हो तुमचं घर,’ ती म्हणाली. ‘येते हं.’

आणि चपला न काढताच मागे वळली.