अमेरिका मोजून आलेला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी राहिली की नाही, ते दोरीला लटकून सांगणारा पितळी लोळा. मित्रांनो, सावनेरच्या एका ओताऱ्यानं मला घडवलं आणि देवाजी मिस्त्रींच्या खिशात माझी चाळीस वर्षं गेली. लोक भिंतीची वाहवा करत. माझी कोणी केली नाही. पुढे लाल रेघ मारणारं लेझर यंत्र आलं आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो.

पण देवाजी आपल्या मुलीकडे, श्वेताकडे अमेरिकेला निघाले, तेव्हा सवयीनं मलाही बॅगेत टाकलं.

शिकागोत नुसते काचेचे मनोरे. ऐंशीव्या मजल्यावरून मला सोडलं, तो सकाळी निघालेला मी चहाच्या वेळेला खाली टेकलो. वाटेत खिडक्यांतून बाया विचारत होत्या, कोणाकडे आलात म्हणून. खोटं वाटतं? दोरीला विचारा.

न्यू ऑर्लिन्सची जमीन दलदलीची. घरांना लोखंडी जाळीच्या रुंद गॅलऱ्या, खाली चालणाऱ्याला आयती सावली. एक जुनं घर इतकं कललेलं, की त्याच्यापुढे लटकताना मलाच घेरी आली.

सांता फे हे रखरखीत मुलखातलं गाव. तिथल्या मातीच्या भिंती खाली जाड, वर निमुळत्या. मी खाली भिंतीला टेकलो, तर वर दोरी भिंतीपासून वीतभर दूर.

"कोन्या गवंड्यानं बांधलं वं हे? साऱ्या भिंती वाकड्या," देवाजी लेकीला म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी भिंतीला हात लावला. बाहेर आग, आत गारवा. "हे तं आपल्या सावनेरच्या मातीच्या घरासारखं हाय," ते हळूच म्हणाले.

मायदेशी परत आल्यावर मनीषनगर वस्तीत पुष्कर नावाच्या एका तरुणाच्या नव्या घराचं काम मिळालं. त्याची आई अंजनाबाई, तिची खोली पश्चिमेला. पुष्करला तिथं भिंतीऐवजी अख्खी काच हवी होती, थेट शिकागोसारखी.

"काहून नाही म्हणता काका? लोक वळून पाहतीन."

"लोक रस्त्यावरून पाहतीन भाऊ. आत भाजन तुमची माय."

"जमत नसन तं दुसरा मिस्त्री पाहतो मी."

हातचं काम जात होतं. पण देवाजी वाद घालत बसले नाहीत. एप्रिलच्या दुपारी तीनला त्यांनी पश्चिमेच्या मोकळ्या जागेत एक मोठी काच उभी केली, मागे खुर्ची ठेवली. "हे घ्या शिकागो. पंधरा मिनटं बसा."

सातव्या मिनिटाला पुष्करचा सदरा पाठीला चिकटला. अंजनाबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. "थकला का रे इतक्यात? मले तं जन्म काढाचा हाय इथं."

पुष्करनं पाणी संपवलं आणि खुर्ची मागे सरकवली. "भिंत घ्या काका. जाड घ्या."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात लेझरची लाल रेघ काही दिसेना. देवाजींनी पिशवीच्या तळाशी हात घातला. आता ती भिंत खांद्याएवढी झाली आहे. तिच्यापुढे न्यू ऑर्लिन्सच्या गॅलरीएवढा रुंद व्हरांडा निघणार आहे, आणि अंजनाबाई रोज येऊन आपल्या खाटेची जागा बदलून जातात.

मित्रांनो, जुनं हत्यार पुसून, नवी दोरी लावून हाताशी ठेवा. परमुलखातली घरं डोळे भरून पाहा. पण त्यातलं काही उचलून आणायचं असेल, तर आत कोण राहणार आहे, त्याला आधी विचारा.