वेळाईचा मुखवटा

मितालीनं प्रोजेक्टरची वायर दोनदा हलवली, तेव्हा कुठं भिंतीवर मैनाचा लेख उमटला. भेंडीपाडा. मोरा बंदराच्या अलीकडचा जेमतेम साठ घरांचा कोळीवाडा. हॉलमधल्या चौदा जणांनी माना वर केल्या आणि मागच्या खुर्चीवरच्या मैनानं मान खाली घातली.

लेख तिचाच होता. भेंडीपाड्याच्या अंगणवाडीची ही सेविका चार महिन्यांपूर्वी पनवेलच्या या ग्रंथालयात पहिल्यांदा आली, तेव्हा तिला धड माऊस धरवत नव्हता. आता तिनं अख्ख्या गावाला ऑनलाइन ज्ञानकोशात नेऊन बसवलं होतं. मिताली खारघरच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि रविवारी इथं येऊन फुकटात शिकवायची. मैना म्हणजे तिची चारचौघांत दाखवायची विद्यार्थिनी.

शिकवताना मितालीचं एक ठरलेलं पालुपद असायचं: मोघम लिहू नका. कुठं, कधी, कोणाकडं, ते लिहा. वेळाई देवीचा चांदीचा मुखवटा गावातल्या एका घरी असतो, असं मैनानं लिहिलं, तर मितालीनं लगेच त्या वाक्यापुढं 'नेमकी माहिती हवी' अशी पाटी चिकटवली होती.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेखाच्या चर्चापानावर खाडीप्रेमी नावाचा कोणी संपादक आला. टोपणनावच ते, तिथं खरं नाव कोण लिहितं? बोलायला मोठा गोड. मुखवटा किती जुना, भरीव की पोकळ, सध्या कोणाकडं, एखादा फोटो मिळेल का. मैनानं उत्तर लिहिलं की तो 'धन्यवाद'चं बटण दाबायचा. असे अकरा धन्यवाद जमले होते आणि ते मैनानं अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक आईला मोबाइलवर दाखवले होते. अनोळखी माणूस चांगल्या मनानंच विचारतोय असं धरून चालायचं, हाही मितालीनंच शिकवलेला नियम.

आज तिला शिकवायचं होतं ते हे, की एखाद्या संपादकानं आजवर कुठं कुठं काय लिहिलं ते कसं बघायचं. उदाहरण म्हणून तिनं खाडीप्रेमीलाच निवडलं. नवख्यांना कसं सांभाळून घ्यावं ते या माणसाकडून शिका, असं म्हणत तिनं त्याच्या नावावर क्लिक केलं.

यादी आली. सहा गावं, काही खाडीकाठची, काही पाताळगंगेकडची. प्रत्येक गावाच्या चर्चापानावर तेच प्रश्न, त्याच क्रमानं. किती जुना, भरीव की पोकळ, कोणाकडं. मिताली बोलत बोलतच त्यातला एक लेख उघडून खाली गेली. तळाशी कोणा गावकऱ्यानं भर घातली होती: मुखवटा गेल्या चैत्रात चोरीला गेला. तिनं दुसरा लेख उघडला. तिथंही चोरी झाली होती, आणि ज्यांच्या घरी देवी होती त्या म्हातारबुवांना दवाखान्यात हलवावं लागलं होतं.

तिसरा लेख तिनं उघडलाच नाही. प्रोजेक्टर बंद करून तिनं चहाची सुट्टी जाहीर केली. अजून सुट्टीला अर्धा तास होता, पण चहाला कोण नाही म्हणतंय?

तिच्याबरोबर शिकवणारा सत्यजीत एव्हाना तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला होता. त्यानंही भिंतीवरचं वाचलं होतं. मितालीनं मैनाचा लेख पुन्हा उघडला. मुखवटा सध्या मैना कोळी यांच्या घरी, बंदराकडून तिसरं घर. शेजारी निळ्या दाराचा फोटो. तिनं वाक्य काढलं, फोटो काढला, बदल जतन केला.

"लेखाच्या इतिहासात राहणारच ते," सत्यजीत हळूच म्हणाला.

हेही तीच शिकवायची. इथं काहीच पुसलं जात नाही, जुनी प्रत ज्याला हवी त्याला बघता येते, हीच तर आपली ताकद. ज्ञानकोशाची देखरेख करणाऱ्या प्रचालकाला सांगितलं तर तो ती प्रत झाकू शकतो. सत्यजीत त्याला निरोप लिहायला बसला. तेवढ्यात मितालीच्या स्क्रीनवर वर लाल आकडा उमटला. आत्ताच्या बदलाबद्दल खाडीप्रेमी यांनी तुम्हाला धन्यवाद दिले आहेत.

अजून एक मिनिटही झालं नव्हतं.

मैनाला घेऊन मिताली गॅलरीत गेली आणि सगळं सांगितलं. गावात फोन करा, मुखवटा आत्ताच्या आत्ता हलवायला सांगा, माझंच चुकलं, असं बरंच काही ती एका दमात बोलली. मैनानं कागदी कपातला चहा संपवला आणि चक्क हसली.

"घाबरू नका, ताई. देवी आमच्याकडं नायच हाय."

मग तिनं गावाची रीत सांगितली. मुखवटा दरवर्षी नव्या घरी जातो. कोणाच्या, ते फक्त पाच पंचांना ठाऊक. बाहेरच्या कोणी विचारलं, तर ज्याला विचारलं त्यानं आपलंच घर सांगायचं. साठ घरांची साठ उत्तरं, चोर शोधणार कुठं? पोरं बोलायला लागली की त्यांना आधी हेच शिकवतात.

मितालीला इतकं हलकं वाटलं की तिथल्या स्टुलावर ती मटकन बसली. म्हणजे माझ्या ज्ञानकोशात धडधडीत खोटं लिहिलंत की तुम्ही, असं म्हणून तिनं मैनाला लटकं रागावून घेतलं.

"तुमीच म्हटलंत ना, मोघम लिहू नका," मैना म्हणाली.

दोघीही हसल्या. हसता हसता मितालीचं लक्ष हातातल्या मोबाइलकडं गेलं. आजच्या कार्यशाळेचं नोंदणीचं पान उघडंच होतं. कोण येणार त्यानं तिथं सही करायची असते, आणि ते पान जगाला दिसतं. मैनाची सही तिसरी होती. तिच्याखाली गुरुवारी खाडीप्रेमीनं शुभेच्छा देऊन विचारलं होतं, मैनाताई पूर्ण दिवस असतील ना? आणि त्याखाली मितालीनं स्वतः घाईघाईत लिहिलं होतं, हो तर, अकरा ते चार.

"मैनाताई, आत्ता घरी कोण आहे?"

"आई हाय. हे बोटीवर गेलेत." मैनाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "का?"

मितालीनं मोबाइल तिच्यापुढं धरला. मैनानं ते सगळं वाचलं, खालपर्यंत, आणि घरचा नंबर लावला. दोन वर्षांपासून म्हातारीला फार दिसत नव्हतं आणि निळं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. दोनदा रिंग पूर्ण वाजून थांबली. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. आईचा, म्हणजे सत्यवतीबाईंचा, आवाज इतका मोठा, की मितालीलाही सगळं ऐकू येत होतं.

"बरा केलास फोन. तुझ्या कॉम्प्युटरच्या वर्गातले दोघं आलेत, बाय. चाय ठेवलीय मी त्यांना."

मैनानं कठडा धरला. "आई, काय विचारतात ते?"

"दुसरं काय? देवी कुठं हाय, म्हणून." म्हातारीच्या आवाजात शाबासकी मागणाऱ्या लेकराचा आनंद होता. "मी काय चुकते होय? आपल्याच घरात हाय, म्हटलं."